स्कायरिमची वाट: एल्डर स्क्रोल्स नव्यानं सुरू करणाऱ्या गड्यांसाठी

एल्डर स्क्रोल्स ही मालिका कुठून सुरू करायची, याचं उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. स्कायरिमपासून सुरू करा. हा मालिकेतला पाचवा मुख्य गेम. आधीचे चार खेळले नसले तरी काही अडत नाही, कारण प्रत्येक गेमचा नायक वेगळा, मुलूख वेगळा आणि काळही वेगळा. ऑब्लिव्हियन आणि स्कायरिमच्या कथांत तर दोनशे वर्षांचं अंतर आहे.

हा लेख कोल्हापूर आणि आसपासच्या अशा पोरापोरींसाठी आहे, ज्यांनी आजवर मोबाइलवर स्क्वाड करून बॅटल रॉयल खेळलंय किंवा मित्रांबरोबर फुटबॉल गेमच्या मॅची लावल्यात, आणि आता पहिल्यांदाच एकट्यानं बसून खेळायच्या लांब गेमकडं वळलेत. बोटांना सवय आहेच. फक्त त्या गेममध्ये वीस मिनिटांत निकाल लागतो, इथं निकाल नावाची गोष्टच नाही. त्यामुळं नवा गडी पडद्यावरच्या बाणामागं पळत सुटतो, मुख्य कथा एका दमात उरकायला बघतो आणि चार दिवसांत "यात काय एवढं?" म्हणून गेम काढून टाकतो. मला याचं खरंच वाईट वाटतं. म्हणून खालच्या सगळ्या सांगण्याचा रोख एकच आहे: पहिले काही तास घाई न करता कसे काढायचे.

मालिका थोडक्यात

अमेरिकेतल्या बेथेस्डा या कंपनीची ही मालिका. पहिला गेम अरीना १९९४ साली आला. मुळात त्यात आखाड्यातल्या लढतींचाच खेळ करायचा होता, पण बाजूची कामं आणि भटकंती इतकी रंगत गेली की आखाडा मागं पडला आणि नाव तेवढं राहिलं. १९९६ साली डॅगरफॉल, २००२ साली मॉरोविंड, २००६ साली ऑब्लिव्हियन आणि ११ नोव्हेंबर २०११ रोजी स्कायरिम. २०१४ पासून एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन हा अनेकांनी मिळून खेळायचा वेगळा गेम चालू आहे. सहाव्या गेमची घोषणा २०१८ साली झाली.

हे सगळं टॅमरिएल नावाच्या खंडावर घडतं. त्याचे नऊ प्रांत आहेत आणि स्कायरिम हा उत्तरेचा, बर्फाचा प्रांत. तो पुन्हा नऊ होल्डमध्ये वाटलेला. होल्ड म्हणजे आपला जिल्हा समजा, आणि त्याचा कारभार बघणारा तो यार्ल. एवढी माहिती सुरुवातीला पुरे. बाकीचं गेममधली माणसं आणि पुस्तकं सांगतात.

आकाराची एक गंमत सांगायलाच हवी. डॅगरफॉलचा नकाशा सुमारे १,६०,००० चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या वीसपट. स्कायरिमचा साधारण ३७ चौरस किलोमीटर धरला जातो, म्हणजे कोल्हापूर महापालिकेच्या हद्दीपेक्षाही कमी. तरी मोठा स्कायरिमच वाटतो. डॅगरफॉलचा बहुतेक मुलूख संगणकाकडून आपोआप मांडून घेतलेला होता, तर स्कायरिमचा प्रत्येक ओढा, कडा आणि पडका बुरूज माणसांनी बसून रचलाय. म्हणून तिथं आडवाटेला गेलं की काहीतरी हाती लागतंच.

घेण्याआधी

कॉम्प्युटरवर घेणार असाल तर 'स्पेशल एडिशन' घ्या. ही २०१६ साली आली आणि डॉनगार्ड, हार्थफायर व ड्रॅगनबॉर्न हे तिन्ही जोडभाग तिच्यात आधीच आहेत. 'ॲनिव्हर्सरी एडिशन' २०२१ ची. तिच्यात तलवारी, चिलखतं आणि नवी कामं भरपूर आहेत, पण नवख्याला सुरुवातीलाच भारी हत्यार हातात मिळालं की कमवायची मजा जाते. माझं मत विचाराल तर पहिल्या वेळेला साधी स्पेशल एडिशन बरी.

मशीन फार मोठं लागत नाही. कंपनीनं सांगितलेली किमान गरज ८ जीबी रॅम, १२ जीबी जागा आणि जीटीएक्स ४७० सारखं खूप जुनं ग्राफिक्स कार्ड एवढीच आहे. वेगळं कार्ड नसलेल्या अलीकडच्या लॅपटॉपवरही सेटिंग खाली आणून चालतो. राजारामपुरी, शाहूपुरीतल्या दुकानांत कुणी "नवीन कार्ड घेतल्याशिवाय होणारच नाही" म्हणालं तर आधी घरच्या मशीनवर टाकून बघा. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत आणि खेळ दोन तासांहून कमी झालेला असेल तर पैसे परत मागता येतात. सुरुवातीचा प्रसंग तासाभरात संपतो, तेवढ्यात मशीन झेपतंय का ते कळतं. किंमत रुपयांत असते, यूपीआय चालतं आणि सेलमध्ये ती बरीच उतरते. थांबा, पण विकतच घ्या. पेनड्राइव्हवरून फिरणाऱ्या कॉपीत आवृत्ती कुठली ते कळत नाही, पुढं मोड (खेळाडूंनी बनवलेले, गेममध्ये बदल करणारे भाग) बसत नाहीत आणि सोबत काय आलंय याचा भरवसा नसतो.

आता आपल्याकडची खास गोष्ट: वीज. एप्रिल-मे महिन्यात दुपारी उकाडा आणि संध्याकाळी वळीव, की लाइट गेलीच. डेस्कटॉप असेल आणि यूपीएस नसेल तर सेव्ह करायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. कीबोर्डवर एफ५ दाबलं की झटपट सेव्ह, एफ९ दाबलं की तिथून पुन्हा सुरू. पण झटपट सेव्हची जागा एकच असते आणि जुन्यावर नवा बसतो, म्हणून दिवसातून एकदा तरी मेनूत जाऊन वेगळा, पूर्ण सेव्ह करा. मोठ्या गुहेत शिरण्याआधी तर नक्कीच.

हेल्गेन: गाडीतून सुरुवात

गेम सुरू होतो तेव्हा तुम्ही हात बांधलेले कैदी असता आणि घोडागाडीतून हेल्गेन गावात नेले जाता. ही पहिली काही मिनिटं फक्त बघायची आणि ऐकायची. उतरल्यावर तुमचा चेहरा आणि वंश ठरवायचा पडदा येतो.

वंश दहा आहेत आणि इथं बरेच जण अडकतात. सोपं सांगतो. वंशामुळं सुरुवात थोडी वेगळी होते, वाट बंद कुठलीच होत नाही. ऑर्क जादू शिकू शकतो, एल्फ कुऱ्हाड चालवू शकतो. नॉर्डला थंडीच्या माऱ्याचा निम्माच त्रास होतो, डार्क एल्फला आगीचा निम्मा. ब्रेटनवर शत्रूची जादू २५ टक्के कमी चालते, आणि ते शेवटपर्यंत उपयोगी पडतं. हाय एल्फला जादूची ताकद ५० नं जास्त मिळते. आर्गोनियन पाण्याखाली श्वास घेऊ शकतो. ऑर्कला दिवसातून एकदा, एका मिनिटासाठी दुप्पट मार आणि निम्मी इजा असा जोर येतो. नवख्यानं ब्रेटन किंवा नॉर्ड घ्यावा असं मला वाटतं, पण एखादा चेहरा मनात भरला तर तोच घ्या. पुढचे कितीतरी तास तुम्हाला त्याच्याबरोबर काढायचेत.

मग ड्रॅगन येतो, गाव पेटतं आणि दोन माणसं हाका मारतात: साम्राज्याचा सैनिक हॅडव्हर आणि बंडखोर स्टॉर्मक्लोक रॅलोफ. कुणाच्याही मागं जा. याचा अर्थ तुम्ही कायमचा पक्ष निवडला असा होत नाही. यादवी युद्धात कुणाकडून लढायचं, की लढायचंच नाही, ते फार नंतर ठरवता येतं.

किल्ल्याच्या आतल्या वाटेवर सोबती पुढं पळतो, तुम्ही पळू नका. कपाटं, पिंपं, मेलेल्यांची चिलखतं बघा. छळाच्या खोलीत मधल्या पिंजऱ्यात एका मेलेल्या जादूगाराजवळ विजेच्या मंत्राचं पुस्तक पडलेलं असतं. पिंजऱ्याला कुलूप आहे, तिथंच कुलूप उघडायचा सराव करा. तार थोडी फिरवायची, मग कुलूप हळूच वळवून बघायचं. थरथरलं की लगेच सोडायचं, नाहीतर तार तुटते. शेवटी झोपलेलं अस्वल लागतं. त्याला मारायची गरज नाही, वाकून बाजूनं निघून जा.

बटणांचं एकदाच सांगतो. चालणं नेहमीच्या चार बटणांनी. 'ई' म्हणजे उचलणे, बोलणे, उघडणे. 'आर' म्हणजे हत्यार काढणे-ठेवणे. कंट्रोल दाबलं की वाकून लपत चालणे, ऑल्ट दाबून धरलं की धावणे, 'झेड' म्हणजे ड्रॅगनची आरोळी (तिचे शब्द पुढं मिळतात), 'टी' म्हणजे वेळ काढत थांबणे, 'एफ' म्हणजे स्वतःच्या डोळ्यांनी की पाठीमागून बघायचं ते बदलणे. माउसचं डावं बटण उजव्या हाताचं हत्यार चालवतं आणि उजवं बटण डाव्या हाताचं. पहिला तासभर हे उलटं वाटतं. सामानाच्या यादीत एखाद्या वस्तूवर 'एफ' दाबलं की ती आवडीच्या यादीत जाते आणि लढाईत 'क्यू' दाबून पटकन काढता येते. औषधाच्या बाटल्या तिथं ठेवाच.

रिव्हरवूड: इथं मुक्काम करा

गुहेतून बाहेर पडलात की रस्ता खाली उतरतो. वाटेत तीन उभे दगड लागतात, योद्धा, चोर आणि जादूगार यांचे. हात लावाल त्या प्रकारची कौशल्यं २० टक्के लवकर वाढतात. दगड नंतर कधीही बदलता येतो, त्यामुळं डोकं खाजवत बसू नका.

मग नदीकाठचं रिव्हरवूड. बहुतेक जण इथं पाच मिनिटं थांबतात आणि व्हाइटरनकडं पळतात. माझा आग्रह आहे की पहिली पूर्ण बैठक इथंच घालवा. गेम कसा चालतो ते सगळं या एवढ्याशा गावात शिकायला मिळतं.

लोहार अल्व्हरकडं जा. तो लोखंडाची कट्यार घडवायला, धार लावायला आणि चामडं कमवायला शिकवतो, सामानही देतो. गर्डरच्या लाकूड गिरणीवर कुऱ्हाड घेऊन लाकडं फोडा आणि तिलाच विका, एका ओंडक्याला ५ नाणी मिळतात. गावाबाहेरची निळी फुलं तोडत चला. 'ब्लू माउंटन फ्लॉवर' आणि गहू एकत्र केले की जखम भरून काढणारं औषध तयार होतं, आणि थोड्या वेळापुरती तब्येतही वाढते. दोन्ही जिन्नस व्हाइटरनच्या आसपास भरपूर मिळतात, म्हणजे औषधाला पैसे घालायची गरज उरत नाही. अनोळखी पाला किंवा मुळी मिळाली तर खाऊन बघा, तिचा पहिला गुण कळतो.

गावात फेंडल आणि स्वेन हे दोघं कमिला नावाच्या पोरीवर जीव लावून बसलेत. एकाची चिठ्ठी दुसऱ्याच्या नावानं पोचवायचं छोटं काम आहे. तुम्ही फेंडलच्या बाजूनं उभे राहिलात तर तो तुमचा सोबती होतो, आणि तो तिरंदाजीचा शिक्षकही आहे. पैसे देऊन शिका, मग त्याला सोबत घेऊन त्याच्या सामानातून तेच पैसे परत काढून घ्या. गेम हे करू देतो. एका लेव्हलला पाचच वेळा शिकता येतं, एवढी मर्यादा.

वीज गेल्यावर सेव्ह शोधण्यापेक्षा इथल्या खाणावळीत रात्री खोली घेऊन झोपायची सवय चांगली. गेम आपोआप सेव्ह होतो, आणि नीट झोप झाली की आठ तास कौशल्यं १० टक्के लवकर वाढतात. हे आठ तास गेममधले. तिथला एक दिवस आपल्या ७२ मिनिटांत संपतो.

पहिली मोठी गुहा

कमिलाचा भाऊ लूकन दुकान चालवतो. त्याचा सोन्याचा पंजा चोरीला गेलाय. तो परत आणायचं काम घ्या. पंजा ब्लीक फॉल्स बॅरो या डोंगरावरच्या जुन्या थडग्यात आहे, आणि पुढं यार्लचा जादूगार तुम्हाला त्याच थडग्यातली दगडी पाटी आणायला सांगणार असतो. आधीच जाऊन आलात तर एका फेरीत दोन्ही कामं होतात.

वर चढताना पहारेकऱ्यांना दुरून बाण मारा. आत शिरल्यावर वाकून चाला आणि थांबून ऐका, डाकू आपापसांत बोलत असतात. थोडं आत तीन फिरणारे खांब लागतात. उत्तर त्याच खोलीत आहे: भिंतीवरच्या दगडी तोंडांतली चित्रं बघा, त्यातलं एक खाली पडलंय. आधी स्वतः बघा. नाहीच जमलं तर साप, साप, देवमासा. चूक झाली तर बाण सुटतात, म्हणून खटका ओढण्याआधी सेव्ह.

पुढं जाळ्यात अडकलेला चोर आणि मोठा कोळी. कोळ्याशी समोरासमोर भिडण्यापेक्षा दाराच्या चिंचोळ्या वाटेत उभे राहा. तो तिथून आत येऊ शकत नाही, तुम्ही बाण किंवा हातातली आग चालवत राहा. आगीचा आणि जखम भरायचा असे दोन मंत्र प्रत्येकाला सुरुवातीपासूनच येतात, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

मग ड्रॉगर, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यांतून उठणारी जुनी प्रेतं. पडलेलं प्रत्येक उठेलच असं नाही, पण दुरून एक बाण मारून बघायला काय जातं? शेवटी तीन कड्यांचं गोल दार. इथं नवा गडी हमखास अडकतो. सामानाच्या यादीत जाऊन पंजा मोठा करून फिरवा. तळव्यावर तीन चित्रं कोरलेली आहेत, तोच क्रम. वस्तू हातात घेऊन निरखायची ही सवय पुढं अशा कित्येक दारांना कामी येते.

दारामागं मोठी गुहा, त्यात उजळलेली अक्षरांची भिंत. जवळ गेलात की ड्रॅगनच्या भाषेतला पहिला शब्द मिळतो. लगेच शवपेटी फुटते, तयारीत राहा. त्या ड्रॉगरच्या अंगावर दगडी पाटी मिळेल. परत मागं यायचं नाही, वर जाणारी छोटी वाट थेट बाहेर काढते.

व्हाइटरन, राक्षस आणि ओझं

रिव्हरवूडहून नदीच्या कडेनं खाली आलं की व्हाइटरनचं पठार दिसतं. शेतात काही योद्धे एका राक्षसाशी लढत असतील तर बघा, पण पुढं एकट्यानं कुठल्याही राक्षसाच्या वाटेला जाऊ नका. तो आणि त्याचे मॅमथ आपणहून अंगावर येत नाहीत. जवळ गेलात तर आधी दंडुका उगारून दटावतो, तेव्हा मागं फिरा. सुरुवातीच्या लेव्हलला एका फटक्यात खेळ संपतो.

व्हाइटरनमध्ये यार्ल बॅलग्रूफला भेटा, ड्रॅगनची बातमी द्या, त्याच्या जादूगाराला पाटी द्या. मग पश्चिमेच्या बुरुजावर पहिल्या ड्रॅगनशी गाठ पडते. सोबत शिपाई असतात, घाबरू नका. तो उडत असताना बुरुजाचा आडोसा घ्या, उतरला की बाजूनं मारा, तोंडासमोर उभे राहू नका. हे जमलं की यार्ल तुम्हाला मान देतो आणि लिडिया नावाची सोबतीण मिळते. तिला जड सामान आणि चांगलं चिलखत द्या.

ओझ्याचं गणित इथंच शिका. सुरुवातीला ३०० एवढं वजन पेलतं, त्यावर गेलं की धावता येत नाही. म्हणून वस्तू उचलताना किंमत आणि वजन दोन्ही बघा. अंगठ्या, हार, मंत्राची पुस्तकं, बाटल्या हलक्या आणि महाग. लोखंडी चिलखतं जड आणि स्वस्त. थाळ्या-वाट्या सोडून द्या. रस्त्यावरच्या पिंपात आपलं सामान ठेवू नका, ते काही दिवसांनी नाहीसं होतं. व्हाइटरनमध्ये ब्रीझहोम हे घर ५००० नाण्यांना मिळतं, तिथली पेटी सुरक्षित. पहिली मोठी बचत त्यासाठीच करा.

लाल अक्षरांत नाव दिसलं की ती वस्तू दुसऱ्याची. उचलताना कुणी बघितलं तर त्या होल्डमध्ये तुमच्या नावावर दंड लागतो, आणि चोरीचा माल साधा दुकानदार घेत नाही. लढाईनंतर कुठला रोग जडलाय का तेही बघत जा. कुठल्याही देवळातल्या वेदीला हात लावला की रोग जातो. व्हॅम्पायरशी लढून लागलेला रोग मात्र तीन दिवसांच्या आत घालवा, नाहीतर तुम्हीच व्हॅम्पायर होता.

लेव्हल आणि पर्क

इथं गुण वाटून ताकद वाढवायची पद्धत नाही. जे कराल ते वाढतं. ढालीवर वार झेलले की ढालीचं कौशल्य, कुलपं उघडली की कुलपाचं. अशी १८ कौशल्यं आहेत आणि ती वाढली की तुमची लेव्हल वाढते. प्रत्येक लेव्हलला तब्येत, जादू किंवा दम यांपैकी एकात १० ची भर आणि एक पर्क, म्हणजे एखाद्या कौशल्यात लावायची खास सवलत, मिळतो.

पर्कच्या बाबतीत कंजूष व्हा. लावलेला पर्क सहज परत काढता येत नाही, आणि न वापरलेला पर्क कुठं जात नाही. पहिल्या दहा लेव्हलमध्ये तीनच कौशल्यं धरा: मारायचं एक, जीव वाचवायचं एक आणि तिसरं आवडीचं. एका हाताची तलवार, जड चिलखत आणि लोहारकाम हा त्रिकूट सगळ्यात सरळ. लपून चालणं आणि तिरंदाजी ही दुसरी सोपी वाट, कारण शत्रूला कळण्याआधी मारलेल्या बाणाला दुप्पट मार असतो. निव्वळ जादूगार मात्र पहिल्या खेळात नको. आगीचा मंत्र कौशल्य वाढलं तरी आपणहून जास्त लागत नाही, त्यासाठी पर्क लावावे लागतात, आणि जादूची ताकद ऐन लढाईत संपते.

एक उपयोगी युक्ती. लेव्हल वाढल्याची सूचना आली तरी लगेच कौशल्यांचा पडदा उघडू नका. तो उघडून लेव्हल घेतली की तब्येत, जादू आणि दम तिन्ही पूर्ण भरतात. अवघड लढाईत हा राखून ठेवलेला डाव जीव वाचवतो.

अवघडपणाचे सहा स्तर सेटिंगमध्ये आहेत, केव्हाही बदला. 'अडेप्ट' या मधल्या स्तरावर सुरू करा. सारखं मरायला लागलात तर खाली आणा, त्यात कमीपणा काही नाही.

मुख्य कथा इथं थांबवा

पहिला ड्रॅगन पडला की डोंगरावर राहणारे ग्रेबीअर्ड्स नावाचे म्हातारे तुम्हाला हाक मारतात. गेम तुम्हाला तिकडं पाठवायला बघेल. जा, पण लगेच जायची गरज नाही. बहुतेक कामांना मुदत नाही, ते म्हातारे वाट बघतील.

आता चाला. नकाशावर बोट ठेवून झटक्यात पोचायची सोय गेममध्ये आहे, ती पहिल्या आठवड्यात वापरू नका. पन्हाळ्याहून मसाई पठाराकडं जो चालत गेलाय त्याला मधली लेणी, पाण्याची टाकी आणि वाटेवरच्या वाड्या कळतात. गाडीनं पायथ्याला उतरून फोटो काढणाऱ्याला त्यातलं काही भेटत नाही, आणि स्कायरिमही तसाच आहे. पडद्याच्या वरच्या पट्टीवर एखाद्या जागेचं काळं चिन्ह दिसलं की तिकडं वळा. धूर दिसला, पडका बुरूज दिसला, शेकोटी दिसली की वळा. फार लांब जायचंच असेल तर व्हाइटरनच्या तबेल्याजवळची घोडागाडी २० नाण्यांत दुसऱ्या मोठ्या शहरात सोडते. तिथून पुन्हा पायी.

कामं घेताना एका वेळी एकच संघटना धरा. व्हाइटरनमधले कम्पॅनियन्स लढवय्यांसाठी, उत्तरेचं विंटरहोल्डचं कॉलेज जादूवाल्यांसाठी, रिफ्टनमधला थीव्ह्स गिल्ड लपूनछपून खेळणाऱ्यांसाठी. मला विंटरहोल्डची वाट सगळ्यात आवडते. अर्धं गाव समुद्रात कोसळलंय, पुलापलीकडं कॉलेज तेवढं उभं आहे, आणि हिमवादळातून तिथं चालत पोचताना जेरेमी सोलचं संगीत ऐकू येतं. ते एकदा तरी हेडफोन लावून ऐका.

इंग्रजीची अडचण

गेम मराठीत नाही. संवाद जलद आणि उच्चार वेगळे, त्यामुळं सेटिंगमध्ये जाऊन संवादाच्या पट्ट्या चालू करा. बोलण्यातला प्रश्न निवडताना वेळेचं बंधन नसतं, सावकाश वाचा. काय करायचं ते जर्नलमध्ये छोट्या वाक्यात लिहिलेलं असतं, 'जे' दाबलं की उघडतं. पुस्तकं शेकडो आहेत, सगळी वाचायची गरज नाही, पण दिसेल ते उघडा. काही पुस्तकं नुसती उघडली तरी एक कौशल्य एका पायरीनं वाढतं. दहावी-बारावीच्या पोरांनी या पुस्तकांतल्या गोष्टी वाचाव्यात असं मला मनापासून वाटतं. छोट्या आहेत, चांगल्या लिहिल्यात, आणि गोष्ट कळावी म्हणून वाचलेलं इंग्रजी लक्षात राहतं.

मोड केव्हा?

पहिला खेळ शक्यतो मोडशिवाय. फार तर चुका दुरुस्त करणारा अनऑफिशियल पॅच टाका. सामानाची यादी सोपी करणारा स्काययूआय चांगला आहे, पण त्याला आधी एसकेएसई नावाचं जोड-सॉफ्टवेअर बसवावं लागतं, आणि गेम अपडेट झाला की एसकेएसईही नव्या आवृत्तीचं घ्यावं लागतं. स्पेशल एडिशनमध्ये मोड चालू असले की ॲचिव्हमेंट मिळत नाहीत. चालू खेळातून मोड मधेच काढू नका, सेव्ह बिघडतो.

स्कायरिमनंतर

मशीन दमदार असेल तर ऑब्लिव्हियनची २२ एप्रिल २०२५ रोजी आलेली रीमास्टर्ड आवृत्ती घ्या. तिला किमान १६ जीबी रॅम, एसएसडी आणि जवळपास १२५ जीबी जागा लागते. साधं मशीन असेल तर मॉरोविंड, जो एक जीबी जागेत बसतो. अरीना आणि डॅगरफॉल आता फुकट आहेत, पण ते इतिहासाची आवड असणाऱ्यांसाठी.

मॉरोविंडला मात्र वेगळ्या तयारीनं जा. कुठं जायचं ते दाखवणारा बाण तिथं नाही. माणसं तोंडी पत्ता सांगतात, पुलानंतर डावीकडं, मग दोन खडकांच्या मधून, तो वाचून वाट काढायची. शेजारी वही ठेवा. तलवार समोरच्याला भिडलेली दिसली तरी वार चुकू शकतो, कारण आत फाशांचा हिशेब चालतो. दमाची हिरवी पट्टी भरलेली असतानाच लढा आणि ज्या हत्याराचं कौशल्य तुमच्या माणसाला येतं तेच धरा. सेडा नीन गावात उतरलात की सिल्ट स्ट्रायडर या प्रचंड किड्याच्या पाठीवर बसून बाल्मोराला जा आणि कायस कोसेडीस नावाच्या माणसाला सुरुवातीला तुम्हाला मिळालेलं पाकीट द्या. तो २०० नाणी हातावर ठेवतो आणि आधी फायटर्स गिल्ड किंवा मेजेस गिल्डमध्ये जाऊन अनुभव घ्या असं सुचवतो. दोन्हींची ठाणी बाल्मोरातच आहेत. त्याच्या पुढच्या कामाकडं वळण्याआधी तिथलीच चार-पाच कामं करून घ्या.